खडकातला खार

गेल्या वर्षी आमच्या इतिहास विभागाची सहल मुरूडला गेली होती. हेतू अर्थातच जंजिरा पाहण्याचा. शिडाच्या होडीला अजून तासाभराचा अवकाश होता, म्हणून आम्ही किनाऱ्यावर रेंगाळत होतो. कोणी शंख-शिंपले वेचत होते, कोणी सिद्दीच्या तोफांविषयी वाद घालत होते. आमच्याबरोबर दुसऱ्या महाविद्यालयातला, भूशास्त्र शिकणारा एक मित्र आला होता. तो मात्र ओहोटीने उघड्या पडलेल्या कातळावर उकिडवा बसून काहीतरी न्याहाळत होता. जवळ जाऊन पाहिले तर कातळात एक गडद पट्टा दिसला. रुंदी जेमतेम चार-पाच फूट असेल. आजूबाजूचा खडक चिरत तो सरळ समुद्रात शिरला होता. चिक्कीत शेंगदाणे दिसावेत तसे त्या पट्ट्यात वेगळ्याच रंगाचे तुकडे अडकलेले होते.

"हा दगड आजूबाजूच्या दगडांतला नव्हे," मित्र म्हणाला. "याच्यात खार जास्त आहे. आणि हे अडकलेले तुकडे कित्येक किलोमीटर खोलीवरून वर आलेले आहेत."

मी हसलो. म्हणालो, "अरे, दगड तो दगड. चल, होडी लागली."

त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली, आणि या लेखाचे कारण तेच आहे. आम्ही जंजिऱ्याचे बुरूज मोजले, दरवाजावरचे शिल्प पाहिले, टिपणे घेतली. परत आल्यावर प्रत्येकाने सहलीचा अहवालही लिहिला. पण ज्या जमिनीवर तो सगळा इतिहास घडला तिच्याविषयी एकाही अहवालात एक ओळ नव्हती. आपण कलाशाखेचे विद्यार्थी 'मातीशी नाते', 'या भूमीचा वारसा' असे शब्द भाषणांत सढळ हाताने वापरतो. त्या भूमीचा दगड कोणता, असे कोणी विचारले तर 'काळा' एवढेच उत्तर आपल्याजवळ असते. हे उत्तर अपुरे आहे आणि ते अपुरे राहण्यात आपले नुकसान आहे, असे माझे मत आहे.

आता 'खार' म्हणजे काय ते आधी पाहू. हा शब्द आपल्या स्वयंपाकघरातला आहे. आजीने पापडाचे पीठ भिजवताना पापडखार घातला नाही असे कधी होत नाही. जुन्या वैद्यांच्या बटव्यात जवखार आणि सज्जीखार असत. जवखार म्हणजे जवाचे रोप जाळून त्याच्या राखेतून काढलेला खार. वनस्पतीची राख पाण्यात कालवावी, पाणी गाळून आटवावे आणि खाली राहील तो खार घ्यावा, ही रीत आपल्याकडे होती तशी अरबांकडेही होती. अरबीत अशा राखेला 'अल्-कली' म्हणत आणि तोच शब्द युरोपात जाऊन 'अल्कली' झाला. १८०७ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने विजेच्या साहाय्याने अशा खारांतून दोन नवे धातू मोकळे केले : पोटॅशियम आणि सोडियम. खडकांच्या संदर्भात खार म्हणायचे ते याच दोन धातूंना. पुस्तकांत 'अल्कली-समृद्ध अग्निज खडक' असा जडजंबाल शब्दप्रयोग आढळतो. मी या लेखात खारयुक्त खडक म्हणणार आहे. अग्निज म्हणजे वितळलेला शिलारस थिजून झालेला. 'क्षार' हा शब्द मी मुद्दाम टाळतो, कारण मराठीत तो साध्या मिठापासून औषधातल्या खनिजांपर्यंत सर्वांना लावला जातो आणि वाचकाचा गोंधळ उडतो.

आपल्या पुण्याचा दगड म्हणजे बेसाल्ट. पाताळेश्वराचे लेणे याच दगडात कोरलेले आहे, शनिवारवाड्याचा तट याच दगडाच्या पायावर उभा आहे आणि डेक्कन कॉलेजची जुनी इमारतही याच दगडाची आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग याच खडकाने व्यापलेला आहे आणि शेजारच्या राज्यांतला धरून आज त्याचा विस्तार जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे थरावर थर वाहिले आणि सह्याद्रीच्या पायऱ्या पायऱ्यांच्या कड्यांचा जन्म झाला. या बेसाल्टमध्ये निम्म्याच्या आसपास सिलिका असते. सिलिका म्हणजे वाळूचा आणि गारगोटीचा मूळ घटक. सोडियम आणि पोटॅशियम यांची ऑक्साइडे मिळून भरतात ती शंभरात जेमतेम तीन भाग. म्हणजे आपला नेहमीचा काळा दगड खाराच्या बाबतीत तसा अळणीच म्हणायचा.

याउलट नेफेलीन सायेनाइट नावाच्या खडकात हेच प्रमाण शंभरात तेरा-चौदापर्यंत जाते. आकडा ऐकून फरक मोठा वाटत नसेल, पण खडकाच्या संसारात त्याने सगळी उलथापालथ होते. ती कशी, हे मला मित्राने खानावळीत जेवताना समजावून सांगितले, आणि तेव्हा मला खडकांविषयी पहिल्यांदा खरी गोडी वाटली.

शिलारस निवू लागला की त्यातले निरनिराळे घटक एकत्र येऊन खनिजे तयार होतात. सोडियमला ॲल्युमिनियमबरोबर भरपूर सिलिका मिळाली तर फेल्डस्पार नावाचे खनिज बनते. सर्वांचे पोट भरून सिलिका उरली तर ती स्वतंत्रपणे क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे खनिज, होऊन बाजूला बसते. पण खार पुष्कळ आणि सिलिका अपुरी अशी अवस्था असेल तर काय होईल? काही सोडियमला अर्धपोटी राहावे लागते आणि त्यातून फेल्डस्पारऐवजी नेफेलीन बनते. नेफेलीनच्या एका वाट्याला सिलिकेचे आणखी दोन वाटे मिळाले की त्याचाच फेल्डस्पार होतो. म्हणून ज्या शिलारसातून नेफेलीन बनले त्यात क्वार्ट्झ उरणे शक्य नसते. उपाशी पाहुणा पंगतीत बसलेला असताना अन्न शिल्लक राहील कसे? खडकाच्या तुकड्यात नेफेलीन दिसले की भूशास्त्रज्ञ क्वार्ट्झ शोधण्याचे श्रम घेत नाही. माणसांच्या पंगतीत मात्र आतले ताट उष्टे टाकले जाते आणि दाराशी कोणी उपाशी उभा असतो. अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही वितरणाचे सिद्धान्त पाठ करतो. दगडाने हा हिशेब इतका चोख ठेवलेला आहे हे मला तोवर माहीत नव्हते.

मग पुढचा प्रश्न : इतका खार आला कोठून? पृथ्वीच्या कवचाखाली प्रावरण नावाचा प्रचंड जाडीचा खडकाळ थर आहे. तो सगळा काही वितळलेला नसतो. कोठे उष्णता वाढली किंवा दाब कमी झाला की त्याचा थोडा अंश वितळतो. पोटॅशियमसारख्या काही मूलद्रव्यांना प्रावरणातल्या खनिजांच्या घडणीत नीट जागा मिळत नाही, त्यामुळे वितळण्याची संधी येताच ती आधी बाहेर पडतात. वितळलेला अंश अगदी थोडा असेल तर त्यात खार दाट उतरतो. पुष्कळ खडक वितळला तर तोच खार पुष्कळ रसात पसरून विरळ होतो. मिठाचा एकच खडा वाटीभर पाण्यात टाकला तर ते तोंडात धरवत नाही, घागरभर पाण्यात टाकला तर कोणाला पत्ताही लागत नाही. दख्खनचा महापूर म्हणजे घागर. खारयुक्त खडक म्हणजे वाटी. ते बहुधा अधिक खोलीवर, थोड्या वितळण्यातून जन्म घेतात. म्हणूनच ते विस्ताराने लहान असले तरी खोलीची बातमी त्यांच्याजवळ असते.

आणि ही 'वाटी' आपल्यापासून दूर नाही. मुंबईचे उदाहरण घ्या. मालाडच्या बाजूला ट्रॅकाइट नावाचा फिकट पिवळसर खडक निघत असे. त्यात खाराचे प्रमाण आपल्या बेसाल्टच्या तिपटीहून अधिक असते. लोक त्याला 'मालाड स्टोन' म्हणत. काळा घोडा भागातले वस्तुसंग्रहालय, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा हा पिवळसर ट्रॅकाइट अशा दोन दगडांत बांधलेले आहे. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पकाराची ती इमारत पाहायला आपण जातो, आतल्या मूर्तींपुढे तासन्‌तास उभे राहतो. पण त्या मूर्तींना आसरा देणाऱ्या भिंतीत पृथ्वीच्या दोन वेगळ्या कहाण्या शेजारी शेजारी रचलेल्या आहेत, याकडे आपले लक्ष जात नाही.

मुरूडचा तो पट्टा म्हणजे खारयुक्त शिलारसाने बेसाल्टच्या भेगेत शिरून उभी केलेली भिंत. भूशास्त्रात तिला 'भित्ती' असा सुंदर मराठी शब्द आहे. मुरूड-जंजिऱ्याच्या परिसरात अशा भित्तींमध्ये खालच्या कवचाचे आणि प्रावरणाचे तुकडे सापडले आहेत आणि त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झालेला आहे. माणसाने आजवर खणलेले सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पात आहे. ते सुमारे बारा किलोमीटरवर थांबले, प्रावरणापर्यंत पोचलेच नाही. जेथे यंत्र पोचत नाही तेथला नमुना मुरूडच्या लाटांत भिजत पडला आहे, आणि मी त्याला 'दगड तो दगड' म्हणालो होतो.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला, नर्मदेपलीकडे, गुजरातेत अंबाडोंगर नावाची टेकड्यांची गोल रांग आहे. तेथला खडक पाहायला चुनखडीसारखा, पण त्याचा जन्म समुद्रतळाशी झालेला नाही. तो कार्बोनेटाइट आहे, म्हणजे कार्बोनेटांनी भरलेल्या शिलारसातून थिजलेला खडक. त्याच्या सोबतीला नेफेलीन सायेनाइटही आहे. हा शोध १९६३ साली सुखेस्वाला आणि उदास या दोघांनी जाहीर केला. त्यांपैकी सुखेस्वाला मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवत असत. महाविद्यालयात शिकवणारा माणूस काय शोधू शकतो, याचे हे उदाहरण आपल्या प्राध्यापकवर्गापुढे मी नम्रपणे ठेवतो.

गिरनारचेही तसेच. दत्तपादुकांच्या दर्शनाला महाराष्ट्रातून हजारो भाविक तेथे जातात आणि दहा हजार पायऱ्यांचे कष्ट आनंदाने सोसतात. त्या डोंगराच्या घडणीत नेफेलीन सायेनाइट आहे, हे घरी आल्यावर प्रसादाबरोबर कोणी सांगत नाही. राजस्थानातील मुंडवारा आणि सारणू-दंडाली येथे तर याहून विलक्षण गोष्ट आढळली. तेथल्या काही खारयुक्त खडकांचे वय ६ कोटी ८५ लाख वर्षे असल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले. दख्खनचा महापूर यानंतर सुमारे तीस लाख वर्षांनी आला. म्हणजे पूर येण्याआधी त्याची चाहूल देणारे खडक खारयुक्त होते. पुराच्या शेवटीही असेच खडक सापडतात, अंबाडोंगर त्यांपैकी एक. नाटकाची नांदी आणि भरतवाक्य दोन्ही खारयुक्त आहेत. मधले पाच अंक तेवढे आपण पाहिले आणि नाटक संपूर्ण कळले असे मानून घरी निघालो.

हे सगळे इतिहासजमा झालेले नाही. टांझानियात ओल डोइन्यो लेंगाय नावाचा ज्वालामुखी आहे. मसाई लोकांच्या भाषेत त्या नावाचा अर्थ 'देवाचा पर्वत'. त्याच्यातून निघणाऱ्या लाव्हात मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट असते. म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याचे हे जवळचे नातलग. बेसाल्टचा लाव्हा अकराशे-बाराशे अंश सेल्सियसवर वाहतो, हा पाच-सहाशे अंशांवरच पाण्यासारखा पातळ धावतो. बाहेर येताना काळा असतो आणि हवेतले पाणी शोषून पुढे पांढरा पडतो. त्यातल्या एका खनिजाला टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या नावावरून 'न्येरेराइट' म्हणतात. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी न्येरेरेंचा समाजवाद अभ्यासलेला असतो. त्यांच्या नावाचे खनिज लाव्हात सापडते, हे ऐकून आमच्या वर्गात दोघांनी मला वेड्यात काढले.

येथवर वाचून काही वाचक म्हणतील, "हे सर्व ठीक आहे, पण ही पाने कला महाविद्यालयाच्या वार्षिकाची आहेत. ही उठाठेव विज्ञान शाखेने करावी. आम्हांला याचे काय?" माझ्या एका आदरणीय प्राध्यापकांनीही हाच प्रश्न मला विचारला. त्यांच्याविषयीचा आदर कायम ठेवून मी उत्तर देतो.

पहिले उत्तर काळाविषयी आहे. इतिहासाला सनावळी लागते. जेथे शिलालेख नाही, नाणे नाही, बखर नाही, तेथे सनावळी कोण देणार? तेथे पोटॅशियम कामाला येते. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत एखादा अणू किरणोत्सर्गी असतो. तो अतिशय सावकाश विघटित होतो. असे निम्मे अणू संपायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. त्यांतल्या काहींपासून आर्गॉन हा वायू बनतो आणि तो थिजलेल्या खनिजात कोंडून राहतो. कोंडलेला आर्गॉन मोजला की खडक कधी थिजला ते कळते. खडकात खार जितका जास्त तितका हा हिशेब सोपा. मुंडवाऱ्याचे वर दिलेले वय याच रीतीच्या सुधारलेल्या पद्धतीने निघाले.

आता आपल्या जिल्ह्यातले उदाहरण देतो. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तेथे नदीने साठवलेल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच थरांच्या आसपास आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकापासून या जागेवर काम केले. आपल्याकडे तर इतक्या अलीकडच्या काळात ज्वालामुखी नव्हता. मग राख आली कोठून? तिची रासायनिक घडण तपासल्यावर ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीशी जुळली. पण टोबाचे उद्रेक एकाहून अधिक झाले. १९९५ साली बोरीच्या राखेचे वय ६ लाख ७० हजार वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की ही राख टोबाच्या अखेरच्या महाउद्रेकाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे. यात फरक थोडाथोडका नाही. बोरीचा आदिमानव सात लाख वर्षांपूर्वीचा की त्याच्या दशांशाइतक्या काळापूर्वीचा, हा प्रश्न पोटॅशियमच्या मोजणीवर आणि राखेच्या घडणीवर अडलेला आहे. पुरातत्त्व हा विषय कलाशाखेत शिकवला जातो. ज्याला खडकातल्या खाराचा गंध नाही त्याला या वादात श्रोता म्हणून बसावे लागेल, बोलता येणार नाही.

दुसरे उत्तर भाषेविषयी आहे. मराठीत दगडाला शब्द कमी नाहीत. विहीर खणणारा वडार मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण यांत फरक करतो, कारण त्यावर त्याचा सुरुंग आणि त्याची मजुरी ठरते. कोकणातला माणूस जांभा आणि कातळ वेगळे ओळखतो. 'कुरुंद' हा आपल्याकडचा शब्द, त्याच्याशी नाते सांगणारे 'कोरंडम' हे नाव जगभर गेले. तमिळनाडूतील शिवमलैच्या खारयुक्त खडकांत हाच कुरुंद सापडतो आणि त्या टेकड्यांवर १९०१ साली हॉलंड या भूशास्त्रज्ञाने सविस्तर लिहून ठेवले आहे. ज्या भाषेने जगाला शब्द दिला तिने आता 'काळा दगड' आणि 'पांढरा दगड' एवढ्यावर समाधान मानावे, याचे मला वाईट वाटते. मराठी विश्वकोशात भूविज्ञानाच्या नोंदी आहेत. त्या लिहिणाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे. पण नोंद कोशात राहिली आणि वाचकाच्या तोंडी आली नाही, तर शब्द जगत नाही. विज्ञानाच्या मुलांना तो इंग्रजीत शिकवला जातो. मराठीत तो रुजवण्याचे काम मराठीच्या विद्यार्थ्यांनी केले नाही तर कोण करणार?

या खडकांची आणखी एक बाजू आहे आणि ती मला थोडी भीती घालते. ती म्हणजे उपयोग. अंबाडोंगरला फ्लोरस्पार खनिज मोठ्या प्रमाणात आहे. कार्बोनेटाइटांत दुर्मिळ मृदा नावाची मूलद्रव्ये सापडतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींची चुंबके त्यांवाचून होत नाहीत. चीनमधील बायान ओबो आणि अमेरिकेतील माउंटन पास या त्यांच्या प्रख्यात खाणी अशाच खडकांशी निगडित आहेत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा वर्तमानपत्रांनी हा शब्द पहिल्या पानावर छापला. उपयोग सांगितला की सभागृह जागे होते, हे मी वक्तृत्व स्पर्धांत पाहिले आहे. उपयोगाला माझा विरोध नाही. पण ज्या वस्तूची ओळख आपल्याला केवळ तिच्या बाजारभावातून होते, ती वस्तू आपण खणून काढतो आणि मग विसरतो. मालाडच्या खाणी जेथे होत्या त्या भागात आज इमारती उभ्या आहेत. दगड गेला, नावही जाण्याच्या वाटेवर आहे. ओळख आधी झाली पाहिजे, म्हणजे काय काढायचे आणि काय ठेवायचे हे ठरवताना आपल्याला बोलता येईल.

आणि ठेवण्यासारखे काही आहे, हे इतर ठिकाणी मान्य झालेले आहे. राजस्थानात अजमेरजवळ किशनगड येथे नेफेलीन सायेनाइटचा उघडा भाग आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केले. एका खारयुक्त खडकाला ताजमहालाच्या जातकुळीतला मान मिळाला, ही मला मोठी गोष्ट वाटते. महाराष्ट्रातून त्या यादीत लोणारचे विवर आहे, आणि योगायोगाने त्याच्या सरोवराचे पाणीही खाराचेच. मुरूडच्या भित्ती मात्र मला त्या यादीत आढळल्या नाहीत. भूवारसा जपण्यासाठी एका कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. कायदे आपल्या हाती नाहीत. पण चार फूट रुंदीची भित्ती ही किती नाजूक वस्तू आहे, याचा विचार करा. धक्क्याचा एक कोपरा, समुद्रकाठच्या बंगल्याची एक संरक्षक भिंत, भरावाचे दहा ट्रक, आणि ती कायमची झाकली जाईल. किल्ल्याचा चिरा ढळला तर आपण पत्रके काढतो, मोर्चे नेतो. भित्ती गेली तर कोणाला कळणारही नाही, कारण ती तेथे होती हेच कोणाला ठाऊक नसेल.

मग आपण काय करावे? मी मोठ्या सूचना करत नाही, कारण मोठ्या सूचना वार्षिकाच्या पानांतच राहतात. आमच्या विभागाच्या सहलीत एक भूशास्त्र शिकणारा विद्यार्थी किंवा शिक्षक बरोबर असावा आणि त्याला एक तास बोलू द्यावे. सहलीच्या अहवालात किल्ल्याच्या बांधकामाबरोबर त्याच्या दगडाची नोंद असावी : कोणता, कोठून आणला, गावात त्याला काय म्हणतात. मराठी विभागाने वडार, पाथरवट आणि विहीर खणणारे यांच्याकडून दगडांचे शब्द गोळा करावेत. त्यांच्याजवळचे शब्दधन त्यांच्याबरोबरच जाते आहे. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. थोडी लाज सोडून विचारावे लागते, इतकेच. मला स्वतःला ती लाज सोडायला एक सहल वाया घालवावी लागली.

या दिवाळीच्या सुटीत मी त्याच मित्राबरोबर पुन्हा मुरूडला गेलो. जंजिऱ्याला गेलोच नाही. ओहोटीची वेळ पाहून किनाऱ्यावर पोचलो तर तो पट्टा मला लगेच सापडेना. अर्धा तास शोधला तेव्हा वाळूने निम्मा झाकलेला दिसला. मी वाकून वाळू बाजूला केली. जवळच जाळी सुकवणारे एक कोळी काका आमच्याकडे पाहत होते. त्यांनी विचारले, "काय हरवलं काय रे पोरांनो?"

मी त्यांना बसवून घेतले आणि मला जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माझा जन्म गेला इथं. रोज याच्यावरून चालतो. आजवर कुणी सांगितलं नाही."

काकांना कोणी सांगितले नाही, यात त्यांचा काही दोष नाही. जे शिकतात त्यांचा आहे, आणि त्यांत मी आहे.